लाखभर बुकिंग, ५०० कोटींचा तोटा आणि मग व्ही-टू : टाटा इंडिकाची पूर्ण गोष्ट

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसबाहेरचा जुना बोर्ड आठवून बघा. गाड्यांची नावं आणि पुढे किलोमीटरचा दर. सगळ्यात खाली सर्वांत स्वस्त गाडी म्हणून एक नाव हमखास असायचं, ते म्हणजे इंडिका. प्रत्यक्षात कधीकधी दारात भलतीच कुठली तरी छोटी गाडी येऊन उभी राहायची, तरी तिचं भाडं 'इंडिकाचं' असायचं. चार माणसं, डिकीत दोन बॅगा आणि कमीत कमी खर्च, या सगळ्याला मिळून तो एकच शब्द पुरायचा.

आता दुसरी गोष्ट. ही तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचली असेलच. रतन टाटांनी इंडिका काढली, ती चालली नाही, ते कार विभाग विकायला अमेरिकेत फोर्डकडे गेले, तिथे त्यांचा अपमान झाला आणि नऊ वर्षांनी त्यांनी फोर्डकडूनच जग्वार-लँड रोव्हर विकत घेऊन हिशोब चुकता केला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक अडचण येते. गाडी चाललीच नव्हती, तर ती गावोगावच्या बोर्डावर कशी पोहोचली? फॉरवर्डमध्ये १९९९ नंतर थेट २००८ उजाडतं. इंडिकाची खरी गोष्ट मात्र त्या मधल्या वर्षांत घडली. आज तीच समजून घेऊ.

इंडिकाच्या आधी भारतात गाडी घेणं म्हणजे काय होतं?

ऐंशीच्या दशकापर्यंत भारतात सामान्य माणसापुढे दोनच नावं होती. एक कोलकात्याजवळच्या कारखान्यात बनणारी ॲम्बेसेडर आणि दुसरी आपल्या मुंबईत, कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी. ॲम्बेसेडरच्या मुळाशी ब्रिटनची मॉरिस होती आणि पद्मिनीच्या मुळाशी इटलीची फियाट. दोन्ही डिझाइन्स पन्नाशीच्या दशकातली. वर परवाना राज असल्यामुळे किती गाड्या बनवायच्या हेही सरकारच ठरवायचं. पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा हलकी, कमी पेट्रोल पिणारी, सकाळी एका चावीत सुरू होणारी गाडी मिळाली. पण मारुतीमागे जपानच्या सुझुकीचं तंत्रज्ञान होतं. १९९३ मध्ये कार उद्योगाला परवान्यातून मोकळीक मिळाल्यावर परदेशी कंपन्यांची रीघ लागली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी सुरुवातीला भारतीय भागीदार घेतला. त्यात वाटणी साधारण ठरलेली असायची. डिझाइन बाहेरचं, जोडणी इथली.

म्हणजे स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत आली तरी भारतीय कुटुंबाच्या गरजेपासून सुरुवात करून, भारतीय कंपनीने आपल्या मालकीची अशी कार मोठ्या प्रमाणावर बनवलेली नव्हती. ही उणीव टाटांच्या एका कंपनीने भरून काढायची ठरवली. गंमत म्हणजे ही कंपनी ट्रक बनवणारी होती.

ट्रकवाल्यांना कार कशी जमणार?

आज आपण जिला टाटा मोटर्स म्हणतो तिचं तेव्हाचं नाव टेल्को, म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी. १९४५ मध्ये ती जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनवण्यासाठी सुरू झाली. १९५४ पासून जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनायला लागले. पुढे सुमंत मूळगावकरांच्या नेतृत्वाखाली पिंपरी-चिंचवडचा कारखाना उभा राहिला आणि १९६६ मध्ये पुण्यात कंपनीचं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर सुरू झालं. 'टाटा सुमो' हे नाव याच मूळगावकरांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलं.

रतन टाटा १९८८ मध्ये टेल्कोचे अध्यक्ष झाले. त्यानंतर टाटामोबाइल पिकअप, सिएरा, इस्टेट आणि १९९४ ची सुमो अशा गाड्या आल्या. पण या सगळ्या ट्रकच्याच घराण्यातल्या. खाली मजबूत लोखंडी चासी आणि तिच्यावर बसवलेली बॉडी.

छोट्या कारमध्ये ही पद्धत चालत नाही. तिथे वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. याला मोनोकॉक रचना म्हणतात. गाडी हलकी होते, आत जागा जास्त मिळते, पण चूक करायला वाव राहत नाही. पत्र्याचे भाग अचूक आकाराचे आणि जोड नेमके लागतात. जरा फरक पडला की दार नीट लागत नाही, पावसाचं पाणी आत येतं, गाडी खडखडते. असं काम टेल्कोने तोवर केलेलं नव्हतं. परदेशी भागीदाराशिवाय हे जमणार नाही, असं अनेकांनी आपल्याला सांगितल्याचं आणि अपयश आपल्याच नावावर लागेल या भीतीने लोक दूर राहिल्याचं रतन टाटांनी नंतर बोलून दाखवलं होतं.

झेनएवढी गाडी, ॲम्बेसेडरएवढी जागा

नव्या गाडीसाठी रतन टाटांनी मांडलेली मागणी पुढे खूप गाजली. बाहेरून मारुती झेनएवढी, आतून ॲम्बेसेडरएवढी ऐसपैस, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि चालवायचा खर्च डिझेलचा.

वाचायला हे जाहिरातीसारखं वाटतं, पण त्यामागे भारतीय कुटुंबाची नेमकी पारख होती. आपल्याकडे चार जणांचं कुटुंब गाडीत चौघंच कधी बसतं? आजी असते, लग्नाला निघालेली मावशी असते, मांडीवर मूल असतं. मारुती ८०० मध्ये मागे तिघं मोठी माणसं बसली की खांद्याला खांदा घासायचा. ॲम्बेसेडरमध्ये जागा होती, पण ती सव्वाचार मीटरहून लांब, जड आणि खर्चिक होती.

मग लहान गाडीत मोठी जागा आणायची कशी? ॲम्बेसेडरमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असे आणि ताकद मागच्या चाकांना जाई. त्यामुळे पुढचा बराच भाग इंजिनाने खाल्लेला आणि आत मधोमध शाफ्टचा उंचवटा. इंडिकात इंजिन आडवं बसवलं आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. शाफ्ट गेला, उंचवटा गेला. चाकं शक्य तितकी कोपऱ्यांकडे सरकवली आणि छप्पर उंच ठेवलं. गाडीची लांबी ३.७ मीटरच्या आत राहिली, पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर मिळालं, म्हणजे ॲम्बेसेडरपेक्षा जेमतेम सहा-सात सेंटिमीटर कमी. या युक्त्या जगाला नव्या नव्हत्या, मारुती ८०० मध्येही आडवंच इंजिन होतं. पण एवढी जागा एवढ्या किमतीत देणं हे नवं होतं.

डिझेलचं गणित आणखी सोपं होतं. त्या काळात डिझेलचा दर पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास होता, शिवाय डिझेल इंजिन तेवढ्याच इंधनात जास्त अंतर जातं. टेल्कोला डिझेल इंजिनांचा चाळीसेक वर्षांचा अनुभव होता. इंडिकाचं इंजिन '४७५' या नावाने ओळखलं जायचं. ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ७५ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा ७५ मिलिमीटर व्यास. क्षमता १,४०५ सीसी. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी शेजारच्या छोट्या कप्प्यात फवारलं जाई. ही पद्धत तेव्हाच जुनी होत चालली होती. गाडी ढकलल्यासारखी हळूहळू वेग घ्यायची. पण इंजिन बनवायला स्वस्त होतं आणि साध्या मेकॅनिकलाही कळत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

इटलीचं डिझाइन, ऑस्ट्रेलियाचा कारखाना. मग स्वदेशी कशी?

इंडिका हे नाव 'इंडियन कार' यावरून आलं. पण तिच्या बाह्यरूपाचं काम इटलीतल्या तुरिनच्या 'आय.डी.ई.ए.' या डिझाइन संस्थेबरोबर झालं आणि इंजिनाच्या कामात एका फ्रेंच कंपनीची मदत घेतली गेली. कारखान्याची गोष्ट तर आणखी मजेदार आहे.

नवाकोरा कार कारखाना उभा करायचा तर प्रचंड पैसा लागणार होता. संपूर्ण प्रकल्पाचं बजेट होतं १,७०० कोटी रुपये. त्याच सुमारास निसान कंपनीने ऑस्ट्रेलियातलं उत्पादन बंद केलेलं होतं आणि तिथली यंत्रं पडून होती. टेल्कोने ती साधारण १०० कोटी रुपयांना, म्हणजे नव्याच्या सुमारे पाचव्या हिश्शात घेतली. टेल्कोचे इंजिनिअर तिथे गेले, यंत्रं सुटी केली, जहाजाने आणली आणि पिंपरी-चिंचवडला पुन्हा जोडली. जुन्या वाड्याचे खांब-तुळया आणून नवं घर बांधावं, तसाच हा प्रकार.

मग हिला स्वदेशी म्हणायचं का? इथे मालकी हा शब्द महत्त्वाचा आहे. परदेशी भागीदारीत डिझाइन भागीदाराचं असतं. गाडीत काय बदल करायचा, कुठे निर्यात करायची, हे त्याला विचारावं लागतं. इथे टेल्कोने मदत विकत घेतली होती. गाडी कशी हवी हे पुण्यात ठरलं, डिझाइन कंपनीच्या मालकीचं राहिलं आणि साडेतीन हजारांहून जास्त सुट्या भागांपैकी बहुतेक भारतातच बनवून घेतले गेले. त्यासाठी पुण्याच्या आसपासच्या पुरवठादारांना कारच्या दर्जाची कामं शिकून घ्यावी लागली. हा मालकीचा मुद्दा कागदोपत्री वाटेल, पण दोन वर्षांनी त्याच्यावरच गाडीचं नशीब ठरलं.

एका आठवड्यात एक लाख १५ हजार

जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये इंडिका पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि ३० डिसेंबर १९९८ ला ती बाजारात आली. सुरुवातीची किंमत होती साधारण २ लाख ६० हजार रुपये. जाहिरातीचा सूर एवढाच होता की त्याच पैशांत जास्त गाडी घ्या. धास्ती अशी होती की तोंडावर मारुतीने आपल्या गाड्यांच्या किमती उतरवल्या. त्याच वर्षी ह्युंदाईची सँट्रोही आली होती.

आठवडाभरात एक लाख १५ हजार बुकिंग झाली. आणि ही टोकन भरून केलेली बुकिंग नव्हती, लोकांनी गाडीची पूर्ण रक्कम भरली होती. बाकी गाडी तर अनेकांनी अजून जवळून बघितलेलीही नव्हती. लोकांनी भरवसा ठेवला तो 'टाटा' या नावावर.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या

गाड्या घराघरांत पोहोचल्या आणि शोरूमपेक्षा सर्व्हिस सेंटरसमोर गर्दी दिसायला लागली. इंजिनाचा आवाज आणि थरथर फार, टायर लवकर झिजतात, सस्पेन्शन वाजतं, गिअर जड पडतो, फिनिशिंग ओबडधोबड. 'ट्रक बनवणाऱ्यांनी कार बनवली की असंच होणार' हे वाक्य तेव्हा सर्रास ऐकू यायचं.

यातली बरीच दुखणी एकाच कारणाने होती. डिझेल इंजिन मुळातच जास्त हादरतं. ट्रकमध्ये ते हादरे जड चासी पचवते आणि ड्रायव्हरचीही तक्रार नसते. हलक्या मोनोकॉक गाडीत मात्र इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं, ते नेमके नसतील तर सगळी थरथर स्टीअरिंग, गिअरची दांडी आणि पायाखालच्या पत्र्यापर्यंत येते. तसंच चाकांचं. पुढच्या चाकांचा कोन किंचित चुकला तरी प्रत्येक किलोमीटरला टायर रस्त्यावर घासला जातो.

त्यात आणखी संकटांची भर पडली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात नव्या गाड्यांसाठी प्रदूषणाचे कडक युरो निकष ठरल्यापेक्षा लवकर लागू करायला सांगितले आणि डिझेल गाड्यांपुढे अडचण उभी राहिली. दुसरीकडे कंपनीचा मूळ धंदा असलेल्या ट्रकच्या बाजारात मंदी आली. २०००-०१ या वर्षात टेल्कोला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. कंपनीच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या इतिहासात असं कधी झालेलं नव्हतं. हा तोटा एकट्या इंडिकामुळे झाला असं म्हणणं चूक आहे, पण इंडिकात अडकलेल्या पैशांमुळे मंदीचा मार जास्त बसला, हे खरं.

फोर्डची बैठक

व्हॉट्सॲपची गोष्ट इथली. तिचा उगम आहे प्रवीण कडले यांचं भाषण. २०१४ चा यशवंतराव चव्हाण राष्ट्रीय पुरस्कार रतन टाटांना जाहीर झाला होता आणि २०१५ मध्ये मुंबईत त्यांच्या वतीने तो स्वीकारताना टाटा समूहातले ज्येष्ठ अधिकारी कडले यांनी हा किस्सा सांगितला. त्यांच्या सांगण्यानुसार १९९९ मध्ये टाटांनी कार विभाग विकायची तयारी केली होती. फोर्डचे लोक मुंबईत येऊन गेले, मग टाटांची टीम डेट्रॉइटला गेली. तिथे त्यांना ऐकवण्यात आलं की कारमधलं काही कळत नसताना या धंद्यात उतरायलाच नको होतं आणि हा विभाग घेऊन आम्ही तुमच्यावर उपकारच करतोय. व्यवहार झाला नाही, टीम परत आली.

२००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला विकत घेतल्या, हे तर जगजाहीर आहे. तेव्हा उपकाराची भाषा उलट दिशेने बोलली गेली, असंही कडले यांनी सांगितलं.

गोष्ट रंगतदार आहे, पण ती एका बाजूने सांगितलेली आहे हे लक्षात ठेवायला हवं. शिवाय फोर्डने २००८ मध्ये हे ब्रँड विकले ते स्वतःची कंपनी वाचवण्यासाठी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अपमान झाला म्हणून गाडीची थरथर थांबत नाही. ती थांबवायला पुण्यातल्या लोकांना गाडीखाली शिरावं लागलं.

व्ही-टू : चूक कबूल करून केलेली दुरुस्ती

विकायचा मार्ग बंद झाल्यावर कंपनीसमोर दोन पर्याय होते. गाडी हळूहळू मरू द्यायची किंवा ती मुळापासून नीट करायची.

कंपनीने दोन कामं केली. एक, ज्यांनी आधीच गाडी घेतली होती त्यांच्यासाठी ठिकठिकाणी शिबिरं भरवली आणि दोष असलेले भाग स्वखर्चाने बदलून दिले. दोन, तक्रारींची यादी समोर ठेवून एकेका भागावर काम केलं. पेट्रोल गाडीतला जुना कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय यंत्रणा आली, सस्पेन्शन सुधारलं, आवाज आणि थरथर कमी केली. २००१ मध्ये ही गाडी 'इंडिका व्ही-टू' नावाने बाजारात आली. बाहेरून बघणाऱ्याला ती जवळपास तशीच दिसायची. चालवणाऱ्याला मात्र फरक कळायचा.

आता मघाचा मालकीचा मुद्दा आठवा. डिझाइन परदेशी भागीदाराचं असतं, तर प्रत्येक बदलासाठी त्याच्याकडे जावं लागलं असतं. इथे दोष आपला होता, तसं तो दुरुस्त करायचं ड्रॉइंगही आपलंच होतं. ग्राहकाची तक्रार चिंचवडला आली की बदलही तिथेच ठरायचा. ज्या माणसाने स्वतः घर बांधलंय त्याला गळती कुठून होते हे शोधता येतं, तसं काहीसं.

व्ही-टू चालली, आणि जोरात चालली. २००२ मध्ये याच गाडीला डिकी जोडून 'इंडिगो' ही सेदान आली. २००१ मध्ये तोट्यात असलेली कंपनी काही वर्षांत नफ्यात आली. त्यात ट्रकचा बाजार सावरल्याचा आणि खर्च कपातीचा वाटा मोठा होता, पण इंडिका आता गळ्यातलं लोढणं राहिली नव्हती.

विलायतेत मात्र फसली

२००३ मध्ये ब्रिटनमधल्या एमजी रोव्हर कंपनीने पुण्यात बनलेली इंडिका 'सिटीरोव्हर' नावाने विकायला सुरुवात केली. बंपर, सस्पेन्शन आणि नावाची पट्टी बदलून ही गाडी तिकडे ६,४९५ पौंडांपासून पुढे विकली जाऊ लागली. तिथल्या परीक्षकांनी गाडीला झोडपलं. 'टॉप गिअर' कार्यक्रमाला कंपनीने चाचणीसाठी गाडीच दिली नाही, तर सूत्रसंचालक जेम्स मे गिऱ्हाईक बनून छुप्या कॅमेऱ्यासह शोरूममध्ये गेला. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हरचंच दिवाळं निघालं आणि सिटीरोव्हर संपली.

गाडी तीच होती. मग पुण्या-नाशकात चालली ती बर्मिंगहॅममध्ये का पडली? कारण इंडिकाची सगळी ताकद किमतीत होती. तिकडे त्याच पैशांत युरोपातल्या कसलेल्या कंपन्यांच्या नव्या गाड्या मिळत होत्या. शिवाय इथे जे तिचं बलस्थान होतं ते डिझेल इंजिन सिटीरोव्हरमध्ये नव्हतंच, ती फक्त पेट्रोलवर चालायची.

घरातून टॅक्सी स्टँडवर

इकडे भारतात वेगळंच काही घडत होतं. २००० नंतर पुणे, मुंबई, बंगळुरूत आयटी कंपन्या आणि कॉल सेंटर वाढली. रात्रीच्या पाळीच्या कर्मचाऱ्यांना ने-आण करायला हजारो गाड्या लागायला लागल्या. द्रुतगती मार्गामुळे पुणे-मुंबई भाड्याच्या गाड्यांचा धंदा वाढला.

या धंद्याला काय हवं होतं? स्वस्त गाडी, मागे तिघांना पुरेल अशी जागा, डिझेलचा खर्च, एसी आणि हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होईल असं इंजिन. कुटुंबासाठी आखलेली गाडी टॅक्सीच्या धंद्यात चपखल बसली. ते जुन्या पद्धतीचं, वेग न घेणारं, पण साधं इंजिन ड्रायव्हर-मालकांना पसंत पडलं. ज्यांच्याकडे दोन एकर शेत आणि एक लायसन्स होतं, अशा कितीतरी तरुणांनी कर्ज काढून पांढरी इंडिका घेतली आणि हप्ते फेडता फेडता दुसरी घेतली.

पण याची दुसरी बाजू होती. कार घेणं आपल्याकडे नुसती सोय नसते, चार लोकांत मिरवायची गोष्टही असते. रोज सकाळी सोसायटीच्या गेटवर कंपनीची कॅब म्हणून इंडिका उभी राहायला लागली, तेव्हा तीच गाडी घरी घेताना लोक विचार करायला लागले. आपली गाडी सिग्नलला थांबली आणि कुणी 'स्टेशनला येणार का' विचारलं तर? हा विनोद तेव्हा सगळीकडे चालायचा. तोवर स्विफ्ट आली होती आणि २००७ पासून तिच्यातही डिझेल मिळू लागलं होतं.

२००८ मध्ये टाटांनी 'इंडिका विस्टा' आणली. नवा सांगाडा, जास्त जागा, शिवाय रांजणगावच्या टाटा-फियाट कारखान्यात बनलेलं १.३ लिटरचं आधुनिक डिझेल इंजिन. गाडी पहिल्या इंडिकापेक्षा सगळ्याच बाबतींत सरस होती. पण नावात इंडिका होतं आणि जुनी इंडिकाही शेजारी टॅक्सीसाठी विकली जातच होती. पुढे कंपनीने नावातला 'इंडिका' शब्द गाळून नुसतं 'विस्टा' ठेवलं. दहा वर्षांपूर्वी ज्या नावावर लोकांनी न बघता पूर्ण पैसे भरले होते, तेच नाव आता विक्रीत आड येत होतं.

शेवट

२०१५ मध्ये बोल्ट आणि २०१६ मध्ये टियागो आली. टियागोने टाटांना पुन्हा घराघरांत जागा मिळवून दिली. सुरक्षेचे आणि प्रदूषणाचे नवे नियम समोर होते आणि त्यांत बसेल अशी करायला एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करणं परवडणारं नव्हतं. २०१८ मध्ये इंडिका आणि इंडिगो दोन्ही बंद झाल्या. वीस वर्षांचं आयुष्य मिळालं.

जानेवारी २०२३ मध्ये रतन टाटांनी इंडिकासोबतचा जुना फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता. पंचवीस वर्षांपूर्वी इंडिकाच्या रूपाने भारताच्या स्वदेशी कार उद्योगाचा जन्म झाला आणि तिला आपल्या मनात खास जागा आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं. त्याच महिन्यात टाटांच्या कंपनीने गुजरातमधल्या साणंदचा फोर्डचा कारखाना ७२५ कोटी ७० लाख रुपयांना घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. फॉरवर्ड करणाऱ्यांना आणखी एक शेवट मिळाला.

पण नेक्सॉन किंवा पंच घेताना आज लोक टाटाची गाडी म्हणून बिचकत नाहीत, यामागे साणंद किंवा डेट्रॉइटपेक्षा १९९९ ते २००१ ही दोन वर्षं जास्त आहेत. आपल्या गाडीत दोष आहेत हे मान्य करून, विकलेल्या गाड्या परत बोलावून, एकेक भाग बदलत कार बनवायला कसं शिकतात, ते चिंचवडच्या कारखान्यात त्या दोन वर्षांत घडलं.

आता रस्त्यावर इंडिका क्वचितच दिसते. दिसली तर बहुतेक पांढरी असते, काचेवर 'टूरिस्ट'चा अर्धवट निघालेला स्टिकर असतो आणि ओडोमीटरवर लाखांत किलोमीटर. मालकाला विचारलंत तर तो आधी इंजिनाचं कौतुक करेल. थरथरीचं विचारलंत तर हसेल आणि सांगेल, व्ही-टू आहे ही, पहिल्या लॉटमधली नाही.